ढॅण आणि आईचं हसू

३ फेब्रुवारी

ढॅण! ढॅण! ढॅण! — दिवसभर हेच. सुनेने कपाट उघडलं, ढॅण. सासूने मागे वळून पाहिलं, ढॅण. दारात कोण? दूधवाला! त्यालाही ढॅण! मी म्हटलं, "साहेब, त्या गरिबाला कशाला?" तर म्हणे, "प्रेक्षक झोपला नाही पाहिजे." आमच्या दिग्दर्शकाचं नाव आजपासून ढॅणसाहेब.

मालिकेतले बारीकसारीक आवाज मी करते. भूत चालतं ती पावलं माझी. मान मोडते ती खरं तर काकडी. दाराची करकर म्हणजे स्टुडिओतला गंजका स्टूल. एवढं जीव ओतून करायचं आणि वरून ढॅण ओतून सगळं बुडवायचं!

६ फेब्रुवारी

संध्याकाळी आईकडे. बेल दाबून बोट दुखलं, शेवटी माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. बाईसाहेब आमच्या मालिकेत गुंग! चेटकीण जिना उतरतेय आणि ही खुदुखुदु हसतेय. "अगं, हिच्या टाचेला सँडलचा पट्टा दिसतोय! आणि परवा भांग डावीकडे होता. भुतं पार्लरला जातात काय?"

आणि टीव्हीचा आवाज? बंद! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. एवढे समीक्षक लिहितात, पण ढॅणवर याहून जहाल टीका कुणी केली नसेल. म्यूट!

९ फेब्रुवारी

काकड्या संपल्या. आज गाजरावर भागवलं. भुताची मान जरा गोड मोडली.

१३ फेब्रुवारी

ढॅणसाहेबांच्या मेहुण्याने सिनेमा काढलाय. भयविनोदी म्हणे! भूत साबणावरून घसरतं, हवालदार घाबरून पादतो. तो आवाज मी केला, ओला फुगा चोळून. आईने यासाठी शिकवलं मला! एक ना धड, भाराभर चिंध्या. पैसे कमी आहेत, कबूल. पण पटकथेला कुठे पैसे लागतात? भूत आलं की सगळी पात्रं आधीच हसायला लागतात. मग आम्ही काय करायचं?

१५ फेब्रुवारी

आईला तो सिनेमा मोबाईलवर दाखवला. फुग्यालासुद्धा हसली नाही! हवालदार पळाला तशी हळूच म्हणाली, "बिचारी भुतीण. सगळे हिला बघून पळतायत. बाई, तुला काय हवंय, असं एकानेही विचारलं नाही."

काय बाई आहे! भयपटाला हसते, विनोदाला गहिवरते. तिच्याशी बोलायचं तर मात्र समोर बसूनच. फोन आताशा आवडत नाही तिला. पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी तोंडाकडे टक लावून ऐकते.

पण खरं सांगायचं तर लागलं मला. इतकी वर्षं मी आवाज करते आणि माझी आई म्यूट करून बघते. एकदा तरी तिने आपणहून आवाज लावायला हवा. बस्स, मला एवढंच हवंय.

१८ फेब्रुवारी

मालिका गटांगळ्या खातेय. चॅनेलवाले गुंडाळा म्हणताहेत. संधी साधली! "साहेब, एक भाग माझ्यावर सोडा. एकही ढॅण नाही." ते असे बघत राहिले, जणू मी त्यांचं मूल मागितलं. मग म्हणाले, "घे. बुडालो तर तुझ्या नावाने खडे फोडीन."

२१ फेब्रुवारी

जमलं! सून एकटी, दिवाणखान्यात. स्वयंपाकघरातला नळ टपटपतोय. टपटप थांबते. आणि आत कुणीतरी पाणी पितं. घटघट. सावकाश. दिसत काहीच नाही! ते पाणी मीच प्यायले. सारखं सारखं पिऊन पोट टम्म. मिक्सिंगवाल्याने हेडफोन काढून मागे वळून पाहिलं. ढॅणसाहेब स्वतः उठले आणि खोलीतला दिवा लावून आले! काय सांगू, नाचावंसं वाटलं.

२४ फेब्रुवारी

आईला बजावलं, "उद्या आवाज लाव हं. माझ्यासाठी." "लावते की!" म्हणाली.

२५ फेब्रुवारी

बेल नाहीच दाबली, सरळ किल्ली. नळाचा प्रसंग चालू, आवाज बंद, आणि आई निवांत मटार सोलतेय! असा राग आला! मागूनच रिमोट उचलला आणि आवाज पूर्ण वाढवला. घटघट, घटघट! शेजारीण धावत दारात आली. आईचा हात मटारावरून हललासुद्धा नाही.

तिच्यासमोर जाऊन बसले. माझा चेहरा बघूनच तिला कळलं. "झालं असेल वर्ष," म्हणाली. "तुझं कामच आवाजाचं. तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

"मग रोज बघतेस कशाला?"

"शेवटी तुझं नाव येतं ना! आता बोलू नकोस. तुझ्याकडे बघत बसले तर नाव निघून जाईल."