बोकडाने खाल्लेला असुरवध

चाकणच्या अलीकडून,
कोजागरीच्या आदल्या दिवशी, १९५६

वडीलधाऱ्या इंदुवन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? पिंपरीला औषधांच्या एवढ्या मोठ्या कारखान्याच्या दारात राहूनही ती दुखते, हे ऐकून नवल वाटलं. (तुमचे मालक तिथेच कामाला, तेव्हा एखादी बाटली घरी दिसायला हवी होती; पण ते पडले सरळमार्गी.) इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे जे आहेत ते. मी काही मागायला हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही निवांत वाचाल. गेल्या वर्षी तुमच्या बंधूंच्या दिवसांना आलात तेव्हा आठवण म्हणून ज्या वस्तू घेऊन गेलात, त्यांबद्दलही मी चकार शब्द काढणार नाही.

सांगायचं आहे ते आपल्या खिंडाईच्या नवरात्राचं. रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे. नऊ दिवस देवीपुढे पोथी वाचायची, आणि दसऱ्याला सकाळी धोंडासुराचा वध वाचून झाल्याशिवाय कुणी उपास सोडायचा नाही. (देवीने मारल्यावर त्याचा धोंडा झाला, तोच आपल्या ओढ्यावरचा. तेव्हापासून गावातल्या बायका त्याच्या पाठीवर लुगडी बडवतात. मला विचाराल तर देवीने त्याला एकदाच मारलं, बाकीचा सगळा मार आमचा.) माझं लग्न झाल्यापासून पोथी तुमच्या बंधूंनी वाचली, आणि मी पाटासमोर बसून ऐकली. मला डुलकी लागली का हे बघायला ते मधूनच चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे. ऐकता ऐकता अक्षरं ओळखीची झाली. पण समोरून बघितलेली, त्यामुळे सगळी डोक्यावर उभी. सरळ वाचायला मी पुढे वाण्याच्या पुड्यांवर शिकले. पोथी मात्र मला अजून उलटीच बरी येते.

गेल्या वर्षी घरात दुखवटा, म्हणून मी गप्प बसले. तात्याबा पाटलांच्या जावयाने पोथी वाचली, म्हणजे उरकली. दसऱ्याला त्याला पुण्याची मोटार गाठायची होती, म्हणून देवीला राक्षसाशी धड दोन शब्दही बोलू दिले नाहीत. हाच जावई आता कायमचा पाटावर बसणार असं कानावर आलं. वन्सं, वर्षभर मी कुठेही बसते, चुलीपुढे, शेतात, कुणाच्या ओसरीवर. पण ते नऊ दिवस पाटासमोरची ती जागा माझी आहे, आणि तिथे बसून मला परक्याचा आवाज ऐकवत नाही. मी देवळात जाऊन सांगितलं, या वर्षी पोथी मी वाचणार.

तात्याबा ताडकन म्हणाले, "पांढऱ्या कपाळाची बाई देवीम्होरं पाटावर? आजवर झालं न्हाई!"

मी म्हटलं, देवीचा नवरा तरी कुणी बघितलाय? आख्ख्या पोथीत त्याचं नाव नाही. (शेजारची रतनबाई पदरात तोंड घालून खोकल्यासारखं करत होती.) तात्याबांचा चेहरा बघून मीच तोड काढली. मी पाटावर बसत नाही. पाट राहू दे रिकामा. पोथी नेहमीसारखी पाटाकडे तोंड करून ठेवा, मी माझ्या जागेवरून वाचते. उलटी पोथी वाचू नये असा नियम कुणी केलेला नव्हता, कारण तशी कुणी वाचेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी रिकामा पाट बरा दिसत नाही म्हणून तात्याबांनी त्यावर एक नारळ ठेवला. तेव्हा या वर्षी पोथी नारळाने वाचली, आवाज तेवढा माझा होता.

आठ-नऊ दिवस नारळाने चांगले काढले. दसऱ्याला घोटाळा झाला. जावयाला नोकरी लागली म्हणून तात्याबांनी देवीला बोकड बोलला होता. तो दीपमाळेला बांधलेला. हनीफ मुलाणी फडक्यात सुरी गुंडाळून पायरीवर बसलेला, कारण आपल्या देवीचा बोकड पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच घरचे कापतात. युद्ध अगदी रंगात आलेलं. एक पान संपवून मी बाजूला ठेवलं आणि घसा ओला करायला तांब्या उचलला. तेवढ्यात बोकड दावं तोडून आला तो थेट पाटावर! तिथे माणूस असता तर त्याने हाकललं असतं. नारळ काही बोलला नाही. बोकडाने पोथीचं वरचं पान उचललं आणि तांब्या खाली ठेवेस्तोवर गिळलंसुद्धा.

"काय खाल्लं गं?" तात्याबा ओरडले.

मी म्हटलं, फळश्रुती. (तशीही ती आजवर कुणाला लागू झाल्याचं ऐकिवात नाही.) खरं तर गेला होता तो वध. वन्सं, तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? घरोघरी पुरण शिजून तयार, बायका उपासाने पिवळ्या पडलेल्या, आणि राक्षस ठणठणीत जिवंत. खरं सांगितलं असतं तर तात्याबांनी विधवेचा अपशकुन म्हणून पोथी त्याच दिवशी जावयाच्या हातात दिली असती. मी खालच्या पानावर नजर ठेवली आणि राक्षसाला आपल्या मनाने मारला:

असुर म्हणाला, थकलो गे आई।
घोटभर देई, थंड पाणी॥
देवीने पाजिले, मांडीवरी घेता।
धोंडा होता होता, निजला तो॥

त्रिशूळ, रक्त, आरोळ्या, मला काही सुचलं नाही. तुमच्या बंधूंना मरायला आख्खा उन्हाळा लागला होता. राक्षसाला मी दोन ओव्यांत सोडवला. मग रतनबाईने डोळे पुसले आणि म्हणाली, "मेल्यानं शेवटी पाणी तरी मागितलं गं!" आणि सगळे पोळ्यांकडे धावले.

पुढची गंमत वेगळीच. तात्याबांनी बोकड पुढे ओढला, तर हनीफ सुरी उघडेना. "पाटील, ह्याच्या पोटात देवाचं नाव हाय. मी न्हाई हात लावायचा." पुष्कळ वाद झाला; पण पोथीसकट बोकड खायची हिंमत कुणाला होईना. बोकडाच्या भरवशावर घरात पुरण शिजवलंच नव्हतं, तेव्हा तात्याबांनी नुसत्या वरणावर दसरा केला. बोकड आता गावभर मोकळा हिंडतो, कुणाच्याही वाफ्यात शिरतो, आणि बायका त्याला हळदकुंकू लावतात. मला लावत नाहीत. बरोबरच आहे; मी पोथी नुसती वाचली, त्याने पचवली.

कंबरेला एरंडाची पानं शेकून बांधा. लेकरांना माझे आशीर्वाद.

तुमची भावजय,
तानाबाई

ता. क. तुमच्या सासरी याच पोथीची एक जुनी प्रत आहे. तिच्यातलं वधाचं पान कुणाकडून तरी उतरवून पाठवाल का?

आणखी ता. क. पान नको. बायकांनी सगळं ओळखलंय, आणि ओढ्यावर मला बजावलंय, पुढच्या वर्षीही राक्षसाला असाच मार. आणि धोंड्यावर धुणं जरा हळू आपटतात आताशा. तात्याबाही नरमले. म्हणाले, देवीची हरकत दिसत नाही, बस पाटावर. मी नको म्हटलं. तिथून मला काय दिसणार? समोरची माझीच रिकामी जागा.

शेवटचं ता. क. त्यांचा चष्मा तुमच्या ट्रंकेत आहे. तेवढा मात्र तुमचे मालक शनिवारी चाकणच्या बाजाराला येतील तेव्हा त्यांच्या हाती धाडा. माझे डोळे धड आहेत, मला लावायला नको. पुढच्या नवरात्रात पाटावर ठेवायचा आहे, काचा माझ्याकडे करून. नारळाला वाचता येत नाही, हे आता बोकडालाही कळलंय.