बाबांचं स्टेशन आणि त्याचं जुळं भावंड

गाइसलिंगेन,
मंगळवार

प्रिय रोझविटाताई,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? बुर्कहार्ट भावोजींचं पित्ताशय त्या नव्या डॉक्टरने ताळ्यावर आणलं, की ते अजून लोण्यात परतलेलं खाऊन वर गोळी घेतात? (रागावू नकोस त्यांना, नुसतं लोणी लपवून ठेव.) उल्ममध्ये धुकं फार पडत असेल, कान झाकून फिरत जा. इकडे आम्ही मजेत आहोत, म्हणजे तुझी भावजय ट्राउडल मजेत आहे. माझं ब्लडप्रेशर चढलंय, झोप उडालीय आणि काल मी कॉफीत मीठ घालून ती अर्धी प्यायल्यावर मला कळलं. पण काळजीचं कारण नाही. म्हणजे आहे, ते पुढे येईल.

या रविवारी नाताळआधीच्या चार आठवड्यांचा ॲडव्हेंट सुरू होतोय आणि ठरल्याप्रमाणे तू बाबांचं स्टेशन न्यायला येणार, हे माझ्या पक्कं लक्षात आहे. बाबा गेल्यावर त्यांच्या खेळण्यातल्या आगगाडीच्या पत्र्याच्या स्टेशनावरून आपण भांडलो नाही, एक ॲडव्हेंट तुझ्याकडे आणि पुढचा माझ्याकडे असं कॉफी पिता पिता ठरवलं, याचं अख्ख्या नात्यागोत्यात कौतुक झालं. (घर विकताना आपण काय काय बोललो ते नात्यागोत्याला माहीत नाही, हे एक बरं.) तर मी असं सुचवणार होतो की या रविवारी येऊ नकोस. बर्फ फार आहे. बर्फ नाही, खोटं कशाला बोलू, खिडकीतून ऊन दिसतंय. ताई, तू शांतपणे खाली बस आणि मगच पुढचं वाच.

गेल्या ॲडव्हेंटमध्ये स्टेशन माझ्याकडे आलं, झाडाखाली त्याच्याभोवती गाडी फिरली, आणि तेव्हाच माझ्या मनाने घेतलं की हे गेल्यावर पुढचा नाताळ मी कसा काढायचा? रिकाम्या रुळांवरून गाडी फिरताना बघवत नाही गं. ती येते, थांबायला काही नसतं, पुन्हा निघते. मार्चमध्ये कळलं की ते बनवणाऱ्या कारखान्याने तेच जुनं स्टेशन, तेच साचे वापरून, केव्हाच नव्याने काढलंय. मी घेतलं. पण ते इतकं नवंकोरं, चकचकीत की बघून दातच आंबावेत. म्हणून मी ठरवलं, याला बाबांच्या स्टेशनासारखं म्हातारं करायचं. आता तुला माहीत आहे, आमच्या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या क्लबात दोन पंथ आहेत. एक पंथ जुन्या पत्र्याला बोटही लावत नाही, दुसरा नव्या पत्र्याला गंज चढवून, धूळ माखून खऱ्यासारखं करतो. दोघे एका टेबलावर बिअरसुद्धा पीत नाहीत. मी जन्मभर पहिल्या पंथाचा, आणि या वर्षी तळघरात लपूनछपून दुसऱ्या पंथाची दीक्षा घेतली.

आणि ताई, काय सांगू, हात बसला. मीठ आणि व्हिनेगर लावून मी छपराच्या कडेला गंज आणला. भिंती चहाच्या पाण्याने पिवळ्या केल्या. बाबा आत मेणबत्ती लावायचे त्याची काजळी छताला आतून धरली होती, तीही मी धरवली. घड्याळाची काच उजवीकडून तडकलेली होती, मी टाचणी तापवून तशीच तडकवली. राहिलं ते फलाटाचं छप्पर. लहानपणी तू त्याच्यावर बसली होतीस, तेव्हा छपराला आलेला बाक अजून तसाच आहे. (तू म्हणतेस मी बसलो होतो. आईने तुलाच बसलेलं पाहिलंय, हा वाद आता मिटवू या.) तसा बाक हाताने येईना. ट्राउडलला म्हटलं जरा बसतेस का, तर तिने मसूर निवडायचे सोडून माझ्याकडे असं बघितलं की मी बटाट्याचं पोतं उचलून खाली गेलो. पोत्याने काम केलं. तुझ्या बाकाला एका पोत्याचा बाक तंतोतंत जुळला, यावरून तू काही मनाला लावून घेऊ नकोस.

इथपर्यंत सगळं सुखाचं होतं. दोन्ही स्टेशनं शेजारीशेजारी ठेवून मी रोज बघत बसायचो. खोट्याच्या खाली मी एक कागदाची चिठ्ठी सरकवून ठेवली होती, कारण पत्र्यावर रंगाने खूण करायची हे आमच्या पंथात पाप आहे, आणि पंथ सोडला तरी संस्कार सुटत नाहीत. मग गेल्या शनिवारी आमच्यावर जिना झाडायची पाळी आली. वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ नागेलनी पाळीची पाटी आमच्या दाराला लटकवली की ट्राउडलच्या अंगात येतं. जिन्यावरून ती तळघरात उतरली, तळघरातून माझ्या टेबलावर. दोन्ही स्टेशनं उचलली, टेबल पुसलं, स्टेशनं पुन्हा ठेवली, आधीपेक्षा सरळ रेषेत. चिठ्ठी कचऱ्यात गेली आणि कचरा गाडीत.

तेव्हापासून मला माहीत नाही, ताई. दोन्ही पुढ्यात आहेत आणि बाबांचं कुठलं ते मला माहीत नाही. मी दोन्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, वजन सारखं. बाबांच्या पाइपचा वास येतो का म्हणून हुंगली, तर एकाच तळघरात राहून दोघांनाही व्हिनेगरचा वास. भिंग लावलं. डोळे मिटून हात फिरवला, म्हटलं हाताला आठवेल. एकदा डाव्यावर हात ठेवून छातीत हललं, मग उजव्यावर ठेवून तितकंच हललं. ट्राउडलला काहीच वाटत नाही. ती म्हणाली, ‘आयुष्यात एक काम चोख केलंस, आणि आता त्याचंच रडगाणं गातोयस.’ विनोद म्हणून ठीक आहे, पण मी रात्री अंथरुणात पडून विचार करतो की बाबा लढाईतून परत आले तेव्हा घरातलं जे थोडंफार शिल्लक होतं त्यात हे स्टेशन होतं, आणि माझ्या हौसेपायी ते मी हरवलं, तेही घरातल्या घरात, डोळ्यांसमोर. मला खरंच भीती वाटते आहे. तू रागावशील याची आहेच, पण त्याहून जास्त याची की मी चुकीचं तुझ्या हातात देईन आणि आपल्या दोघांनाही कधी कळणार नाही.

म्हणून रविवारी ये. तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. तू ज्याला बाबांचं म्हणशील ते ने, मी चकार शब्द काढणार नाही. ट्राउडल लिन्झर केक करते आहे. भावोजींना त्यात लोणी आहे हे सांगू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
फ्रीडर

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, कारण धीर होत नव्हता. शेवटी आज मी क्लबातल्या डॉक्टर राप यांना घरी बोलावलं. ते निवृत्त दंतवैद्य आहेत, आणि जुना पत्रा ओळखण्यात आमच्या सबंध स्वाबिया प्रांतात आपला हात धरणारा कोणी नाही असं ते स्वतःच सांगतात. त्यांनी दात बघायचा छोटा आरसा काढला, स्टेशनांची छपरं उचकटून दोन्हींच्या आत घातला, आणि माझी दाढ काढायची असावी तसा चेहरा केला. म्हणाले, ‘हेर श्टोल, जुन्या काळी आतला पत्रा कोरा ठेवत. मेणबत्ती लावायची म्हणून. ही दोन्ही आतून रंगवलेली आहेत, रंगावर काजळी धरलीय. दोन्ही नवी आहेत.’

दुसरी ता. क. मी रात्रभर याच्यावर विचार केला. नवं स्टेशन मी एकच घेतलं. गेल्या ॲडव्हेंटपासून दुसरं घराबाहेर गेलेलं नाही, आणि त्याआधीच्या वर्षी ते तुझ्याकडे होतं. आता आठवतंय की गेल्या वर्षी ते माझ्या हातात देताना तू रडली नाहीस. दरवेळी तू रडतेस. शिवाय आत मेणबत्ती लावू नकोस, पत्रा जुना झालाय, असं तू फाटकापर्यंत येऊन दोनदा बजावलंस. मी रागावलेलो नाही, ताई. ट्राउडल म्हणते मी रागावायला पाहिजे, पण कोणत्या तोंडाने? उलट तुझा गंज माझ्या गंजापेक्षा सरस आहे हे मला मान्य करावं लागतंय. तू कुठलं व्हिनेगर वापरलंस? आणि त्या छपरावर बाक आणायला कोण बसलं? भावोजी तर नाहीत?

तिसरी ता. क. खरं मागणं हे आहे. रविवारी येताना तुझ्या कपाटातलं खरं स्टेशन घेऊन ये. ठेवून घेणार नाही, संध्याकाळी तूच परत ने, यावर्षी, पुढच्या वर्षी, कायमचं. मला फक्त आत मेणबत्ती लावून एकदा त्याच्या खिडक्या पिवळ्या झालेल्या बघायच्या आहेत. आणि त्या दिवशी डॉक्टर राप यांना मी बोलावलेलं नाही. क्लबात कोणाला बोललोही नाही. त्यांनी त्या तिसऱ्यातही आरसा घालून मान हलवली, तर आपल्या दोघांपैकी कोणाकडेच बाबा उरणार नाहीत. तेव्हा आत बघू नकोस, ताई. मीही बघणार नाही.