अंबाडीतलं शिसं

२ सप्टेंबर १९५९
पुन्हा तेच! अंबाडीतल्या साखरेचा आकडा आज तिसऱ्यांदा चुकला. निळं द्रावण उकळून स्वच्छ लाल व्हायला हवं, ते मळकट होतं. नागपूरचे सर दिवाळीच्या आत आकडे मागतात. प्रबंध या वर्षी गेला नाही तर जन्मभर डेमॉन्स्ट्रेटरच राहणार मी, यवतमाळात पोरांना परीक्षानळ्या मोजून देत.

पाल्याचा रस गढूळ असतो. त्यात शिशाचं मीठ घालायचं, गाळ बसू द्यायचा, फडक्यातून गाळायचं, मगच साखर मोजायची. विमलनं त्यासाठी माझं जुनं धोतर फाडून सहा फडकी करून दिली, कोपऱ्यात लाल दोऱ्याचे टाके घालून – एक ते सहा. धुवायलाही तीच घरी घेते, कारण प्रयोगशाळेतला गडी उकंडा फडक्याला नुसतं पाणी दाखवतो. त्यातलं तीन टाक्यांचं गेले कित्येक दिवस गायब आहे. आज उकंडाला वाट्टेल तसं बोललो. तो म्हणे, "म्या नाई नेलं सर." मग काय त्याला पाय फुटले?

७ सप्टेंबर
काल छोट्या रेल्वेगाडीनं दारव्ह्याला जाऊन बाजारातून अंबाडी आणली. रुपीबाई म्हणून तांड्यातली म्हातारी आहे, तिच्याच वाडीचा पाला मी नेहमी घेतो. तिच्या पाल्याला माती नसते. पाला सुकू नये म्हणून विमल निघताना ओलं फडकं देते, त्यात गुंडाळून आणतो. निम्मा कॉलेजात, निम्मा घरी रांधायला. चिमीला अंबाडी-भाकर आवडते. पण चक्क्याहून नाही! चक्का-साखर असली की पोरगी ताट सोडत नाही.

११ सप्टेंबर
आज रस न काढता नुसता पाला जाळून राख तपासली. आयोडाइडचे दोन थेंब – पिवळंधमक! शिसं! माझं मीठ घालायच्या आधीच पाल्यात शिसं! म्हणून आकडे चुकत होते. वाडीला पाणी ज्या नाल्याचं, तो कापसाच्या जिनिंगच्या मागून येतो. तिथे गंजकं, रंगाचे डबे, काय काय पडलेलं असतं. लोकांच्या खाण्यात शिसं चाललंय आणि ते मी शोधलं. सरांना पत्र टाकलं. आनंदानं जेवण गेलं नाही.

१४ सप्टेंबर
चिमीचं पोट दुखतं.

१९ सप्टेंबर
डॉक्टरांनी चिमीचा ओठ वर केला आणि हिरडीवरची निळसर रेघ मला दाखवली. ती शिशाची खूण, हे मला कुणी सांगावं लागलं नाही, मी पुस्तकात वाचलेली आहे. चार वर्षांची पोर!

त्यांनी विचारलं, "प्रयोगशाळेतून घरी काही येतं का?" मी भडकलो. बाटली कुलपात असते, हात साबणानं दोनदा धुतो, मला काय शिकवता! पाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, भाजी बंद करा, दूध-दही द्या.

अकरा तारखेला मला कळलं होतं आणि मी आनंदात होतो. घरी तीच अंबाडी शिजत होती आणि मी सरांना पत्र लिहीत होतो. मला जोड्यानं मारायला हवं.

२० सप्टेंबर
दारव्ह्याला गेलो. भर बाजारात एका दगडावर उभा राहून ओरडलो, ही भाजी जहर आहे, माझी मुलगी मरते आहे. लोकांनी रुपीबाईच्या पाट्या उलथ्या केल्या. ती खाली बसून पाला वेचत राहिली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

२८ सप्टेंबर
नऊ दिवस घरात पाला नाही. तरी उलट्या. आज वाटी चिमीच्या हातातून गळून पडली, मनगट वर उचलताच येत नाही. विमल विचारते, "काहून असं होऊन राह्यलं हो?" एम.एस्सी. झालेला मी नुसता पुस्तकं चाळत बसतो! फक्त चक्का तेवढा खाते, म्हणून विमल दोन वेळा करते. देवा, माझा प्रबंध घे, नोकरी घे. हिला ठेव.

२ ऑक्टोबर
रुपीबाई दारात आली. तांड्याहून दारव्ह्याला पायी, पुढे गाडीनं. बसा म्हटलं तर बसली नाही. पळसाच्या पानात बांधलेली अंबाडी पुढे केली.

"साहेब, तुमी भर बाजारात मह्या भाजीले जहर म्हणलं. आमचा अख्खा तांडा हेच खाऊन राह्यला, एकाचं पोट दुखलं नाई. मह्यासमोर तपासा."

प्रयोगशाळेत नेलं तिला. तास-दीड तास भिंतीशी उभी. थेंब टाकले. पाण्यासारखं स्वच्छ. पुन्हा केलं. स्वच्छ.

ती म्हणाली, "आता बाजारात येऊन सांगा." मी म्हटलं, दुसऱ्या वाडीतली आणली असशील. असं म्हणालो मी तिला! तिनं पळसाचं पान उचललं आणि ती गेली.

४ ऑक्टोबर
स्वतः तिच्या वाडीत जाऊन माझ्या हातानं पाला कापला. ओल्या फडक्यात गुंडाळून थेट कॉलेजात. पिवळं!!

तीच वाडी, तेच वाफे. तिनं आणला तर स्वच्छ, मी आणला तर शिसं. डोकं फुटायची वेळ आली आहे. चिमी हाक मारली तरी मान वळवत नाही.

५ ऑक्टोबर
सकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. खुंटीला चिमीचा चक्का टांगलेला, खाली वाटीत पाणी ठिबकत होतं. फडक्याच्या कोपऱ्यात लाल दोरा. तीन टाके.

वाटी तशीच कॉलेजात नेली. पिवळं. विहिरीच्या पाण्यानं शिसं जात नाही, धाग्यात बसतं. आंबट लागलं की सुटतं. दही आंबट, अंबाडी आंबट.

घरी येऊन चक्का परसात पुरला. विमल म्हणाली, "मऊ होतं म्हणून ठेवून घेतलं मी, भाजीलेही तेच देत होते. काहून?"

रविवारी दारव्ह्याला त्याच दगडावर उभा राहीन. पण आधी विमलला सांगायचं आहे. ती चिमीला मांडीवर घेऊन बसली आहे, अजून विचारतेच आहे.