दगड तेवढा आणायचा आहे

४ जून
ही लेकीला घेऊन भावाकडे गेली. म्हणाली, नोकरी सुटल्यापासून तू नुसते बेत करतोस. लेकीने पाळलेल्या बेडकाच्या पिल्लांची काचेची टाकी माझ्यावर सोपवली. एवढं एक जरी शेवटपर्यंत नीट केलंस, तर परत यायचं बघू, असं हिचं म्हणणं. हात्तिच्या! लेकीने बजावलं, पाय फुटले की आत दगड ठेव बाबा, त्यांना वर येऊन बसायला लागतं. दगड काय, डोंगर ठेवू.

५ जून, रात्री
उद्यापासून पहाटे पाचला उठून निरीक्षण. चार्ट पेपर आणि रंगीत पेनं आणली. 'बेडकाची वाढ', सहा चौकोन.

६ जून
उठलो ९.४०. पिल्लंही आळसावलेली दिसली. पालक उकडून घातला. उरलेला मी खाल्ला.

१९ जून
मागचे पाय!! लगेच फोन. लेक आनंदाने किंचाळली. दगडाचं विचारलं. म्हटलं, शोधतोय, उगाच कुठलाही कशाला?

१ जुलै
पुढचे पायही आले. पुस्तकात लिहिलंय, या दिवसांत पिल्लू काही खात नाही, स्वतःची शेपटी आतल्या आत जिरवून जगतं. अरे, माझं अगदी हेच चाललंय! मी रिकामा नाही, बदलतोय. हिला फोनवर समजावलं. हिने विचारलं, शेपटी संपल्यावर काय करणार आहेस? खवचटपणा. मग दगडाचं विचारलं. ठेवला म्हणालो. ठेवणारच आहे, दोन दिवस इकडे तिकडे.

३ जुलै
दगड आणायला नदीकडे निघालो. अर्ध्या वाटेत पाय भरून आले, चहा पिऊन परत. दारासमोर पडलेत खूप, पण ओबडधोबड. नाजूक कातडी खरचटायची. तोवर मोकळं वाटावं म्हणून टाकी चार बोटं सोडून वरपर्यंत भरली, बाहेर पडू नयेत म्हणून जाळी टाकली.

५ जुलै
शेपट्या जवळजवळ गेल्या. सगळी काचेला धरून, तोंडं वर काढून असतात. मी गेलो की धडपडतात. लळा लागलाय माझा.

६ जुलै
उद्या दोघी येणार! लेक बेडूक तळ्यात सोडणार. ही मोठी बॅग घेऊन येतेय, म्हणजे राहणार. घर झाडलं. चार्टचा शेवटचा चौकोन लेकीसाठी कोरा ठेवलाय. सकाळी पहिलं काम दगड.

७ जुलै, सकाळी
सगळे उलटे तरंगतायत. चार पाय, शेपटी नाही. पूर्ण बेडूक. पुस्तकाचं पुढचं पान आज वाचलं. कल्ले जातात, फुप्फुसं येतात, टेकायला जागा नसेल तर दमून बुडतात. बेडूक, पाण्यात बुडतात. मला रडूच आलं.
दारासमोरचा दगड उचलून आत ठेवला. दोन मिनिटांचं काम होतं.

दुपारी
लेक टाकीशी बराच वेळ उभी होती. दगडाची माती अजून पाण्यात उतरत होती. म्हणाली, बाबा, हा आत्ताच ठेवलास ना? मी नाही म्हणालो. हिने बॅग हातातून खाली ठेवलीच नव्हती. तशीच लेकीला घेऊन निघाली.

संध्याकाळी
टाकी घासली. ओबडधोबड म्हणत होतो, पण दगड छान बसला होता.