एका हाताने मिटणारी सुई

आप्पा, आज आपल्या रत्नागिरीत एका आजोबांच्या मनगटातून माझ्या सिरिंजने रक्त घेतलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बातमी पहिल्यांदा तुम्हालाच सांगावीशी वाटली. आई जेवून आडवी झाली आहे आणि मी स्वयंपाकघरात खाली बसून लिहितेय, तुम्ही मासे कापायला बसायचात त्याच जागी.

सगळा गाव तुम्हाला ब्रदर म्हणायचा. वॉर्डात नर्स होतात म्हणून, पण बाजारातली मासेवालीसुद्धा "ओ ब्रदर, बांगडे बघा" अशी हाक मारायची आणि मला त्याची भारी ऐट वाटायची. आई मासे खायला पुढे, कापायला मागे, म्हणून विळी तुमच्याकडे. दोन्ही हात खवल्यांनी भरलेले असताना कोणी दारात आलं, तर उठण्याआधी तुम्ही मनगटाच्या पाठीने पातं लोटायचात. टक्. पातं पाटावर आडवं. मी एकदा विळी तशीच टाकून खेळायला पळाले, तर अंगणातून परत बोलावलंत. "बाय, धार उघडी टाकून उठायचं नाय. काम आपलं झालं, तिचं नाय झालं." मी फुरंगटून विळी मिटली, तीही पायाने, म्हणून आणखी बोलणी खाल्ली.

मग ती सुई. दम लागलेल्या एका माणसाच्या धमनीतून तुम्ही रक्त घेत होतात. शिरेतलं रक्त आपण ओढतो, धमनीतलं मात्र नाडीच्या जोराने आपणहून सिरिंजमध्ये चढतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. सुई काढली की एका हाताने ती जागा चांगली पाच मिनिटं दाबून धरायची. दुसऱ्या हातात उरते उघडी सुई. ती खाली ठेवताना तुमच्याच बोटात गेली. त्या माणसाची काही लागण तर झाली नाही ना, याच्या तपासण्या पुढे कित्येक आठवडे चालल्या. तुम्ही आम्हाला हसवत होतात, पण विळीवर बसला नाहीत. बोट कापलं आणि आमच्या ताटात रक्ताचा थेंब गेला तर, ही भीती. मी आमटीभात खात तुमच्या त्या बोटाकडे बघत राहायचे. शेवटची तपासणी नीट आली त्या संध्याकाळी तुम्ही अख्खी सुरमई घेऊन आलात, अर्धी शेजाऱ्यांना वाटलीत, आणि मी जेवताना रडले.

आता मी पुण्यात सिरिंजा बनवते. धमनीच्या या सुईला मी एक झाकण जोडलं, टेबलावर ते सुरेख मिटायचं. रबरी हातावर करून बघायला इथे रत्नागिरीतल्याच एका सिस्टरकडे दिलं. तिने सुई काढली, डाव्या हाताने मनगट दाबलं आणि माझ्याकडे बघत राहिली. "मॅडम, आता ह्ये काय दातान मिटू?" टेबलाशी बसणाऱ्या आम्हा सगळ्यांना दोन हात मोकळे असतात, एवढं साधं आमच्या डोक्यात आलं नव्हतं. मी तिच्याबरोबर हसले खरी, पण हे जमलं नसतं तर काम तिथेच बंद होणार होतं.

घरी आले, वैतागून बांगडे कापायला बसले. फोन वाजला. हात बरबटलेले. माझं मनगट आपणहून उलटं झालं आणि टक्. फोन घ्यायचा राहूनच गेला, मी विळी पुन्हा पुन्हा उघडत मिटत बसले. आई म्हणाली, "हिला काय झालंय?"

आता झाकण ट्रेच्या कडेवर टेकवून दाबलं की एका हाताने मिटतं. परवानग्या मिळाल्या आणि आज सकाळी नाटे गावच्या त्या आजोबांवर पहिल्यांदा वापरलं. तीच सिस्टर. एका हाताने मनगट दाबून ती त्यांच्याशी आंब्याच्या कलमांच्या मोहोराबद्दल बोलत होती, दुसरा हात ट्रेकडे गेला, टक्. तिने वळूनही पाहिलं नाही. "आवाजान कळतंय," एवढंच मला म्हणाली. आजोबांनी विचारलं, "झालां?" माझा आनंद पोटात मावेना, आप्पा. बाहेर व्हरांड्यात जाऊन मी उगाच दोनदा पाणी प्यायले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तेवढं कबूल करते. पुण्यातल्या आमच्या लोकांना बिनआवाजाचं झाकण हवं होतं. सिस्टरना न बघता कळायला हवं, असं सांगून मी भांडले, आणि ते खरंच होतं. पण तोच आवाज जमेपर्यंत मी स्प्रिंगांमागून स्प्रिंगा बदलायला लावल्या, आणि ताडून बघायला तुमची विळी पुण्याला नेली होती. आईला सांगितलंय, धार लावायला दिलीय. ती रोज फोनवर विचारते, कसली एवढी धार लावतायत. विळी माझ्या बॅगेत आहे. आई उठायच्या आत जागेवर ठेवते, मिटून.