जवळच शे

ममताताई,

महाशिवरात्रीला मी तोरणमाळ पायी चढले. पाय गळाले की उतरणाऱ्यांना विचारायचे, "आखो किती?" अजून किती चढायचं? प्रत्येक जण म्हणायचा, "जवळच शे, माय." माथा काही येईना. मनातून मी सगळ्यांना शिव्या घातल्या. उतरताना एक बाई दगडावर बसून रडत होती. मीही तिला तेच सांगितलं, आणि ती उठली.

काल फोनवर तू ऑपरेशन झालेल्या गुडघ्याबद्दल तेच विचारलंस, "आखो किती?" मीही झटकन म्हणाले, "जवळच शे."

पण ताई, तोरणमाळ मी चढून आले होते. तुझा चढ मला ठाऊकच नाही. म्हणून हे पत्र पाठवत नाही, रविवारी मीच तुझ्या गावी, प्रकाशाला येते. तुझ्या ओट्यापासून तापीच्या घाटापर्यंत सोबत चालू. आखो किती, ते मी तुला विचारेन.

तुझ्या मागोमाग चालणारी,
भूमिका