डिझेल विभाग बंद होणार म्हणे

३ जून
प्राचार्यांनी बोलावलं. यंदापासून डिझेलला नवे प्रवेश नाहीत. त्या जागी इलेक्ट्रिक गाड्यांची दुरुस्ती. म्हणाले, पुढच्या पिढीला धूर नको आणि धुराच्या नोकऱ्याही नकोत. मी म्हटलं, उत्तम! बावीस वर्षं इंजिन शिकवतोय. गाडी ती गाडीच, शिकवीन मीच. त्यांनी मान हलवली. होकारार्थी असावी.

४ जून
सकाळपासून चैन नाही. चार वेळा हात धुतले. बायको म्हणाली, फेऱ्या कसल्या मारताय, अभ्यासाला बसा. अभ्यास कसला? वीज म्हणजे न दिसणारं डिझेल. तरी संकल्प केलाय : रोज पहाटे दोन तास. उद्यापासून.

५ जून, सकाळी ८.४०
पहाट हुकली. गजर कोणी बंद केला, कळत नाही.

९ जून
पुस्तक आणलं. चारशे पानं. कव्हर घातलं, अनुक्रमणिका अधोरेखित केली. लेक प्रयोगशाळेत नदीचं पाणी तपासते. म्हणाली, बाबा, पहिला धडा मी समजावते. मला वेळ नव्हता. वर्कशॉपमध्ये जाऊन इंजिनं पुसून आलो. आधीच पुसलेली होती.

१७ जून
शिक्षकांचं ट्रेनिंग सुरू. शिकवणाऱ्या मॅडम माझ्याच जुन्या विद्यार्थिनी निघाल्या! पहिल्याच वर्षी कोर्स सोडून गेली होती. का, ते आठवत नाही. मला 'सर' म्हणाली. म्हणजे वजन आहे अजून.

२४ जून
प्रॅक्टिकल. गाडीतली बॅटरी काढायची होती. रबरी हातमोजे न घालताच हात घातला. इतक्या वर्षांची सवय. मॅडम म्हणाल्या, सर, बॅटरी सरावाची आहे, आत वीज नाही, म्हणून वाचलात, खरी असती तर मला तुमच्या घरी फोन करावा लागला असता. इंजिन बिघडलं की खोकतं, धापा टाकतं, काहीतरी सांगतं. बॅटरी नावाची ही बया तोंडच उघडत नाही. मग हातमोजे दुपारपर्यंत काढलेच नाहीत. एसी फार होता.

१ जुलै
परीक्षा. सोपी. अर्धा तास उरला.

८ जुलै
निकाल. शंभरात १९. आकडे उलटे छापले असणार, ९१ चे १९. ऑफिसला फोन केला. नाही म्हणाले. दुसऱ्या नंबरवरून केला. तरीही नाही म्हणाले.

१० जुलै
मॅडमकडे गेलो, तक्रार करायला. त्यांनी पेपर समोर ठेवला. अर्धा कोराच होता. मग शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही मला म्हणाला होतात, पोरी, हे ग्रीसचं काम तुला झेपणार नाही, टायपिंग शीक. मी वर्षभर टायपिंग केलं. वर्ष फुकट गेलं. तुम्हाला मी तसं सांगणार नाही. इलेक्ट्रिकच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घ्या." मी म्हटलं, वयाच्या बावन्नाव्या वर्षी? लोक हसतील. म्हणाल्या, "हसू देत. मलाही हसले होते."
बाहेर पडलो. बस चुकवून चालतच घरी आलो. मी असं म्हणालो असेन? म्हणालो असेन.

११ जुलै
लेकीकडून पहिला धडा समजून घेतला. दुसऱ्यांदा समजावल्यावर थोडा कळला.

१ ऑगस्ट
वर्गाचा पहिला दिवस. मी आत शिरताच सगळी पोरं उभी राहिली. मी सवयीने 'बसा' म्हटलं. ती बसली. मग शेवटच्या बाकावर जागा शोधून मीही बसलो.